स्वयंशिक्षित लोकचित्रकाराचं पुस्तक: संमतीपासून छापील प्रतीपर्यंत

शाळेत किंवा गुरूकडे न शिकता रंगवू लागलेल्या माणसाची चित्रं सहसा एका जागी सापडत नाहीत. काही विकली गेलेली असतात, काही कुणाकुणाला भेट दिलेली असतात, काही भिंतीवरच असतात आणि भिंतीबरोबरच पडतात. मागे तारखा नसतात, शीर्षकं नसतात, प्रदर्शनांची यादी नसते. जॉर्जियाचा निको पिरोस्मानी (१८६२–१९१८) तिफ्लिस (आजचं तिब्लिसी) शहरातल्या मद्यालयांसाठी पाट्या आणि चित्रं रंगवत राहिला. त्याची आज उरलेली चित्रं दोनशेच्या आसपास आहेत. असा चित्रकार हयात असताना निघालेलं एक नीट पुस्तक म्हणजे पुष्कळदा त्याच्या कामाची एकमेव सलग नोंद असते.

या लेखातल्या प्रत्येक सूचनेमागे माझं एक ठाम मत आहे, ते आधीच सांगतो. या पुस्तकाचा लेखक चित्रकार आहे. कल्पना तुमची असेल, पैसे तुम्ही उभे केले असतील, मजकूरही तुम्हीच लिहिला असेल. तरी मुखपृष्ठावर पहिलं नाव त्यांचं, करारावर लेखक म्हणून सही त्यांची आणि छापलेला रंग बरोबर आहे की नाही यावर शेवटचा शब्दही त्यांचाच. एवढं मनाशी पक्कं केलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

पहिली पायरी: संमती आणि करार

कॅमेरा काढायच्या आधी हे काम करायचं. चित्रांचे फोटो हातात आले की उत्साह वाढतो आणि कागदपत्रं "नंतर बघू" म्हणून मागे पडतात. तसं होऊ देऊ नका.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो मालकी आणि कॉपीराइट यांत. चित्र विकत घेणाऱ्याकडे चित्राची वस्तू जाते; ते छापण्याचा हक्क सर्वसाधारणपणे चित्रकाराकडेच राहतो, तो लेखी दिलेला नसेल तर. म्हणजे संग्राहकाने "माझ्याकडचं चित्र खुशाल छापा" म्हटलं, तरी ती परवानगी अर्धीच आहे. संग्राहक चित्र हाताळू देईल, फोटो काढू देईल. छापण्याची परवानगी चित्रकाराकडून घ्यायची. चित्रकार हयात नसतील तर वारसांकडून. बर्न करारानुसार कॉपीराइटची किमान मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षं आहे. भारतात ती ६० वर्षं आहे, युरोपातल्या बहुतेक देशांत ७०. वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. एकाच मुलाची सही घेऊन काम पुढे रेटलं, तर पुस्तक निघाल्यावर घरात भांडण उभं राहतं, आणि त्याला कारण तुम्ही ठरता.

करारात या गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणती चित्रं (यादी जोडून), किती प्रतींची आवृत्ती, कोणत्या भाषा, ई-पुस्तक आहे की नाही, पुनर्मुद्रणाच्या वेळी पुन्हा विचारायचं की नाही. पोस्टकार्डं, दिनदर्शिका, कपड्यांवरची छपाई हे हक्क या करारात घेऊ नका. पुस्तकाच्या नावाखाली सगळेच हक्क लिहून घेणारे करार मी चुकीचे मानतो, मग हेतू कितीही चांगला असो. मानधनाची टक्केवारी छापील किमतीवर की विक्रेत्याची सूट वजा करून हाती येणाऱ्या रकमेवर, हे एका वाक्यात लिहा. दोन्हींतलं अंतर मोठं असतं. काही रक्कम आगाऊ द्या, कारण चित्रकाराचे बरेच दिवस तुमच्या कामात जाणार आहेत. विनामूल्य प्रती किती देणार, हेही ठरवा, आणि तो आकडा सढळ ठेवा.

करार चित्रकाराच्या भाषेत हवा. त्यांना वाचता येत नसेल, तर त्यांचा विश्वास असलेल्या माणसाने तो मोठ्याने वाचून दाखवावा. तो माणूस तुमच्या बाजूचा नसावा. त्याच बैठकीत सही घेऊ नका. मसुदा त्यांच्या घरी ठेवा, घरच्यांशी बोलू द्या, मग पुन्हा जा. पुस्तक छापखान्यात जाईपर्यंत एखादं चित्र मागे घेण्याची मुभाही लिहून द्या.

आणखी एक गोष्ट कराराच्या कलमांत बसत नाही, पण तितकीच महत्त्वाची आहे. काही चित्रं सगळ्यांनी पाहण्यासाठी नसतात. ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीत १९७१ पासून तिथल्या आदिवासी चित्रकारांनी फळ्यांवर चित्रं काढायला सुरुवात केली. त्यांतल्या काही सुरुवातीच्या चित्रांत दीक्षा न घेतलेल्यांनी पाहू नयेत अशा गुप्त विधींच्या खुणा होत्या. त्यावर समाजातूनच आक्षेप आला आणि चित्रकारांनी पुढे चित्रांतला तो भाग बदलला किंवा झाकला. पुस्तक तर कुणाच्याही हाती पडतं. म्हणून प्रत्येक चित्राबद्दल थेट विचारा: हे अनोळखी माणसाने पाहिलं तर चालेल का? आकृती एकट्या चित्रकाराची नसून घराण्याची किंवा समाजाची असेल, तर तिथल्या जाणत्यांनाही विचारायला हवं. "नको" असं उत्तर आलं तर कारण न विचारता ते चित्र यादीतून काढा.

दुसरी पायरी: चित्रांची नोंदवही

पुस्तकात साठ चित्रं घ्यायची असली, तरी नोंद सापडेल त्या प्रत्येक चित्राची करायची. प्रत्येकाला एक क्रमांक द्या. तोच क्रमांक फोटोच्या फाइलला, करारातल्या यादीला आणि पुस्तकाच्या शेवटच्या सूचीला. मधेच क्रमांकांची पद्धत बदलू नका. अर्धे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

प्रत्येक नोंदीत चित्रकाराने सांगितलेलं नाव (सांगितलं असेल तर), साल किंवा सालाचा अंदाज, उंची गुणिले रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग कशाचा, कशावर काढलं, सध्या कुणाकडे आहे, स्थिती कशी आहे आणि मागच्या बाजूला काय आहे, एवढं लिहा. मागची बाजू विसरू नका. पुठ्ठ्यावरच्या छापील अक्षरांवरून किंवा दिनदर्शिकेच्या पानावरून चित्राचं साल कळू शकतं. तिचाही फोटो घ्या.

साल विचारताना आकडा विचारून उपयोग होत नाही. कोणत्या घरात राहत होता, धाकट्या मुलाचा जन्म झाला होता का, हा निळा रंग कधीपासून मिळायला लागला, असं विचारलं की क्रम लागतो. उत्तर जेवढं आहे तेवढंच छापा: "१९८० च्या सुमारास" किंवा "घर बदलण्यापूर्वी". अंदाजाला नेमक्या सालाचं रूप दिलं की पुढचे लोक तेच खरं मानून उद्धृत करत राहतात.

शीर्षकांचंही तसंच. लोकचित्रकार पुष्कळदा चित्राला नाव देतच नाहीत. अमेरिकेतल्या अलाबामाचा बिल ट्रेलर गुलामीत जन्मला आणि १९३९ च्या सुमारास, वयाची पंचाऐंशी गाठताना, माँटगोमरीच्या रस्त्यावर बसून चित्रं काढू लागला. पुढच्या तीन-चार वर्षांत त्याने हजाराहून जास्त चित्रं काढली. त्यांची आज चालणारी नावं बहुतांशी इतरांनी दिलेली आहेत. तुम्ही वर्णनासाठी नाव दिलंत तर ते चौकटी कंसात छापा, म्हणजे चित्रकाराचा शब्द कोणता आणि संपादकाचा कोणता, हे वाचकाला कळेल.

घरात दोघं-तिघं रंगवत असतील तर कोणतं चित्र कुणाचं, हे शांतपणे विचारून घ्या. चित्राची जमीन (मागचा रंग) सुनेने सारवली, रेघ सासूने ओढली, ठिपके नातवाने भरले असं असेल तर सूचीत तसंच लिहा. एकाच नावावर सगळं टाकणं सोयीचं असतं, पण ते इतरांच्या श्रमावर अन्याय करणारं आहे.

तिसरी पायरी: फोटो

पुस्तक चांगलं होणार की नाही, हे निम्म्याहून अधिक इथेच ठरतं. फोटोत हरवलेला रंग छापखान्यात परत आणता येत नाही.

आधी हिशोब. छपाईसाठी प्रत्यक्ष छापायच्या आकारात इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे सेंटिमीटरला साधारण ११८. चित्र ३० सेंटिमीटर उंच छापायचं असेल, तर त्या बाजूला सुमारे ३,५५० पिक्सेल हवेत. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६,००० गुणिले ४,००० पिक्सेल देतो. चित्राने चौकट भरली असेल तर पूर्ण पानाला ते पुरतं. म्हणून महागड्या कॅमेऱ्यामागे धावू नका. पैसे चांगल्या लेन्सवर, भक्कम तिवईवर आणि दिव्यांवर घाला. मोबाइलचे फोटो नोंदवहीसाठी ठीक आहेत. पुस्तकासाठी नकोत, कारण मोबाइल स्वतःच्या अकलेने रंग भडक करतो आणि कडा धारदार करतो.

मांडणी अशी. चित्र सपाट, शक्यतो उभं. कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यासमोर आणि त्याला समांतर. समांतर आहे की नाही हे पाहायला चित्राच्या पातळीवर मधोमध एक छोटा आरसा धरा. कॅमेऱ्यातून पाहताना त्यात स्वतःची लेन्स बरोबर मध्यभागी दिसली की झालं. दोन सारखे दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, चित्रापासून पुरेसे लांब. दिव्यांची रंग दाखवण्याची क्षमता म्हणजे सीआरआय ९५ किंवा त्याहून अधिक असावी. खोलीतले बाकी दिवे बंद, खिडकी झाकलेली. रंगीत भिंत किंवा भडक सदरासुद्धा चित्रावर छटा टाकतो, तेव्हा फोटो काढणाऱ्याने करड्या किंवा काळ्या कपड्यांत असावं. चित्राच्या जागी एक करडा कागद लावून फोटो काढा आणि चार कोपरे व मध्य यांत उजेडाचा फरक किती ते तपासा. डोळ्याला सारखा वाटणारा उजेड कॅमेऱ्याला सारखा नसतो.

सेटिंग सोपं आहे: रॉ फाइल (कॅमेऱ्याने रंग किंवा कडा न बदललेली), आयएसओ १००, अॅपर्चर एफ-८ च्या आसपास, शटर रिमोटने किंवा टायमरने. लेन्स ५० ते १०० मिलिमीटरची, मॅक्रो असेल तर उत्तम. रुंद कोनाची लेन्स कडा वाकवते. प्रत्येक वेळी दिव्यांची मांडणी बदलली की पहिला फोटो चित्राशेजारी २४ चौकोनांची रंगपट्टी ठेवून घ्या. पुढची सगळी रंगदुरुस्ती तिच्यावर उभी राहते.

आता लोकचित्रांच्या खास अडचणी, कारण कॅनव्हासवरच्या तैलचित्रांसाठी लिहिलेल्या सूचना इथे पुरत नाहीत.

चकाकणारं वार्निश किंवा एनॅमल असेल, तर दोन्ही दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर लावून तो दिव्यांवरच्या फिल्मच्या दिशेशी ९० अंशांत फिरवा. चकाकी जाते आणि रंग खोल दिसतो. पण सोनेरी, चंदेरी किंवा आरशांचं काम असेल तर हाच उपाय घातक आहे. त्याने सोनं मातकट दिसतं. तिथे पोलरायझर काढा आणि मोठ्या पांढऱ्या पडद्यावरून परावर्तित होणारा मऊ उजेड वापरा.

काचेच्या मागून रंगवलेल्या चित्रांना वेगळी युक्ती लागते. क्रोएशियातल्या ह्लेबिने गावचा इव्हान गेनेरालिच (१९१४–१९९२) या पद्धतीसाठी ओळखला जातो. काचेत समोरचं सगळं दिसतं: कॅमेरा, तिवई, फोटो काढणारा. कॅमेऱ्यासमोर मोठं काळं कापड टांगा, लेन्सपुरतं भोक पाडा आणि दिवे कापडाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा.

माती, शेण किंवा जाड रंगाचा उठाव असलेल्या चित्रांचे दोन फोटो घ्या, एक सपाट उजेडात रंगासाठी आणि एक बाजूने सरकत येणाऱ्या उजेडात पोतासाठी. भिंतीवरचं मोठं चित्र असेल तर कॅमेरा भिंतीला समांतर सरकवत, दर फोटोत मागच्याचा एकतृतीयांश भाग येईल असे तुकडे घ्या आणि नंतर जोडा. भिंत दिवसाउजेडीच टिपावी लागणार असेल तर सावली असताना आणि कमी वेळात काम उरका, कारण उजेडाचा रंग तासागणिक बदलतो.

चित्राच्या कडा कापू नका. इंग्लंडमधल्या सेंट आइव्सचा आल्फ्रेड वॉलिस (१८५५–१९४२) बायको वारल्यानंतर, साधारण सत्तरीत रंगवू लागला. खोक्यांचे वेडेवाकडे फाटलेले पुठ्ठे तो घ्यायचा आणि पुठ्ठ्याचा आकार चित्रातच सामावून घ्यायचा. त्याला काटकोनी चौकटीत कापलं तर चित्रातला निम्मा निर्णयच गेला. म्हणून चारही बाजूंना थोडी जागा सोडून, करड्या पार्श्वभूमीवर पूर्ण वस्तूचा फोटो घ्या. डाग, छिद्रं, घड्या संगणकावर पुसू नका. चित्रकाराने सांगितलं तरच.

मूळ रॉ फाइल आणि दुरुस्त केलेली टिफ फाइल वेगळ्या ठेवा. तीन प्रती करा आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात ठेवा.

चौथी पायरी: चित्रकाराचे शब्द

लोकचित्रांच्या पुस्तकांत मला सर्वांत जास्त खटकतो तो मजकूर. चित्रं बोलकी असतात आणि शेजारी कुणा तज्ज्ञाची जड भाषा चित्रकाराला लहान करत असते: "भोळी", "निरागस", "आदिम". हे शब्द गाळाच. स्वतः शिकलेला माणूस अडाणी नसतो. कुठे रेघ थांबवायची आणि कुठे जागा मोकळी सोडायची, याचा त्याने वर्षानुवर्षं विचार केलेला असतो.

बोलणं ध्वनिमुद्रित करा, अर्थात परवानगी घेऊन. "तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" अशा प्रश्नाला कुणीच खरं उत्तर देत नाही. चित्र समोर ठेवून बोटाने दाखवत विचारा. आधी काय काढलं? हे झाड इथे का वाकवलं? हा रंग कशात कालवला? कुंचला कशाचा? चुकलं तर काय करता? हातांबद्दल आणि वस्तूंबद्दल विचारलं की माणूस मोकळा होतो. काम चालू असताना बसून पाहा. काही उत्तरं शब्दांत येतच नाहीत, रंग कालवताना दिसतात.

मुद्रणाचा मजकूर करताना त्यांची बोली प्रमाणभाषेत सपाट करू नका. अडणारा शब्द वाक्याच्या ओघातच उलगडा. तयार मजकूर त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी काढायला सांगितलेलं काढा. आपल्या प्रस्तावनेपेक्षा त्यांचं बोलणं जास्त पानं घेऊ दे. चित्रांखालच्या ओळी मात्र छोट्या ठेवा: क्रमांक, नाव, साल, माध्यम, माप. बाकी सगळं शेवटच्या सूचीत.

पाचवी पायरी: निवड, क्रम आणि डमी

चित्रांच्या लहान प्रिंट काढा, जमिनीवर पसरा आणि चित्रकाराला निवड करू द्या. तुमची निवड वेगळी काढा. दोन्हींत जुळणारी चित्रं हा पुस्तकाचा कणा. जिथे मतं वेगळी पडतात तिथे खरी चर्चा होते, आणि त्या चर्चेतून कधी कधी पुस्तकातला सर्वांत चांगला परिच्छेद मिळतो. सगळीच चित्रं घालायचा मोह टाळा. एकाच विषयाची आठ चित्रं असतील तर दोन मोठी छापा आणि बाकीची सूचीत लहान आकारात द्या.

कालक्रम, विषय किंवा माध्यम, कोणताही क्रम चालतो. पण समोरासमोरच्या पानांवर येणारी दोन चित्रं एकमेकांना मारत नाहीत ना, हे कागदी डमी (पुस्तकाचा कच्चा नमुना) करून हातात धरूनच कळतं. पडद्यावर नाही. मोठी छपाई साधारणपणे १६ पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यात होते, त्यामुळे एकूण पानं १६ च्या पटीत बसवा. ११२, १२८, १४४ असे आकडे सोयीचे. १३० पानं केलीत तर दोन पानांसाठी नवा फॉर्म लागतो.

पुस्तकाचा आकार चित्रांच्या आकारावरून ठरवा. बहुतेक चित्रं आडवी असतील आणि पुस्तक उभं असेल, तर प्रत्येक पानावर वरखाली मोकळी पट्टी उरते आणि चित्र लहान होतं. चित्र मूळ मापापेक्षा मोठं छापू नका. हाताच्या तळव्याएवढं चित्र पानभर केलं की त्यातली जवळीक जाते. बारकावे दाखवायचे असतील तर "तपशील" असं स्पष्ट लिहून वेगळं पान द्या. दोन पानांच्या मधल्या शिवणीवर चित्र पसरवणं मला मान्य नाही. चेहरा किंवा मुख्य रेघ तिथे गिळली जाते.

सहावी पायरी: रंग आणि प्रुफं

पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा चार शायांचा: निळी, किरमिजी, पिवळी, काळी. चार शायांत न बसणारे रंग असतातच. फ्लुरोसंट गुलाबी, काही झगझगीत नारिंगी आणि खोल निळे हमखास मरतात. संगणकावर फाइलचं सीएमवायके, म्हणजे या चार शायांत रूपांतर करताना छापखान्याने दिलेली प्रोफाइल (कागदावर शाई कशी उतरते याची माहिती असलेली फाइल) वापरा. ती कागदागणिक बदलते, म्हणून कागद आधी ठरवा आणि रूपांतर नंतर करा.

गडद जमिनीवर पांढऱ्या बारीक रेघा हे लोकचित्रांत वारंवार दिसणारं रूप आहे. वारली चित्रं याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या जाळ्यांच्या आणि मुंग्यांसारख्या माणसांच्या रेघा आठवा. छपाईत पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे शाई न लागलेला कागद. मातकट तांबडी जमीन चार शायांनी बनते, प्रत्येक शाईचा छपाईचा पत्रा म्हणजे प्लेट वेगळी असते, आणि चारपैकी एक प्लेट एक दशांश मिलिमीटर जरी सरकली, तरी पांढऱ्या रेघेला रंगीत कड येते किंवा ती बुजते. एकतृतीयांश मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ धोक्यात असते. उपाय दोन. जमिनीसाठी चार शायांऐवजी एकच खास कालवलेली शाई घ्यायची, म्हणजे रेघ एकाच प्लेटवर राहते. ते परवडत नसेल, तर रंगविभाजन करणाऱ्याला जमीन दोनच शायांवर मुख्यतः उभी करायला सांगायचं. हे प्लेट बनण्याआधी बोलावं लागतं.

काळ्या जमिनीचा प्रश्न वेगळा. पिरोस्मानी पुष्कळदा काळ्या मेणकापडावर रंगवायचा आणि ती काळी जमीनच सावली म्हणून उघडी सोडायचा. असं काळं एकट्या काळ्या शाईने छापलं तर करडं दिसतं. त्याखाली थोडी निळी शाई दिली की खोली येते. मात्र चारही शायांची बेरीज (प्रत्येक शाई पूर्ण भरली तर १०० टक्के) अनकोटेड, म्हणजे वर लेप नसलेल्या कागदावर ३०० टक्क्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर शाई वाळत नाही आणि समोरच्या पानाला लागते.

प्रुफं, म्हणजे तपासण्यासाठीचे छापील नमुने, प्रत्यक्ष ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर मागा, निदान पाच-सहा अवघड चित्रांची तरी. ती ५,००० केल्विनच्या दिव्याखाली, मूळ चित्राशेजारी ठेवून पाहा. मूळ चित्राशेजारी, फोटोशेजारी नाही. चित्रकाराला सोबत बसवा. "तांबडा जरा जळका हवा", "हा पिवळा उन्हाचा नाही" अशी त्यांची भाषा असते. ती तशीच प्रुफावर लिहा आणि तांत्रिक माणसाकडून तिचं टक्क्यांत रूपांतर करून घ्या. सगळी चित्रं मूळच्या तंतोतंत येणार नाहीत. कोणत्या रंगाशी तडजोड करायची नाही, हे चित्रकार ठरवतील.

कागद आणि बांधणी

कोटेड मॅट कागदावर रंग उजळ आणि रेघ धारदार येते. अनकोटेडवर शाई शोषली जाते, ठिपका पसरतो, रंग थोडे मंदावतात. पण माती, कोळसा, साध्या कागदावरच्या जलरंगाला त्याचा स्पर्श शोभतो. कागद किती पांढरा आहे, हे जरूर पाहा. खूप पांढऱ्या कागदात निळसर झाक असते आणि मातीचे रंग त्यावर थंड, परके दिसतात. थोडा उबदार कागद निवडा. जाडी १३० ते १७० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) ठीक, पलीकडचं चित्र आरपार दिसत नाही ना, एवढं पाहा.

बांधणी शिवणीचीच. नुसत्या सरसाची बांधणी स्वस्त पडते, पण पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि जोर दिला की पानं सुटतात. कागदाचा धागा (त्यातल्या तंतूंची दिशा) कण्याला समांतर आहे का, हे छापखान्याला विचारा. आडवा असेल तर पानं ताठ राहतात आणि लाटा येतात. कण्याची जाडी कागदाचा नमुना मोजून काढा: १२८ पानं म्हणजे ६४ कागद, प्रत्येकी ०.१५ मिलिमीटर धरला तर साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास, अधिक पुठ्ठा. कव्हरची फाइल त्यानंतरच.

प्रकाशक, प्रती, छापखाना

स्थिरस्थावर प्रकाशक मिळाला तर वितरण त्याच्याकडे जातं, पण रंग आणि मजकुरावरचा ताबा थोडा सुटतो. करारातल्या आपल्या अटी त्याच्याही करारात जशाच्या तशा यायला हव्यात. स्वतः काढणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक घ्या. २००७ पासून तो १३ अंकी आहे, आणि पुठ्ठा बांधणी, कागदी बांधणी, ई-पुस्तक यांना वेगवेगळा लागतो. देशाच्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय ग्रंथालयात ज्या प्रती जमा करायच्या असतात, त्या वेळेत पाठवा.

ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींना आणि हजार प्रतींना तोच असतो, म्हणून मोठ्या आवृत्तीत प्रतीमागचा खर्च झपाट्याने उतरतो. त्या गणिताला भुलून खपणार नाहीत इतक्या प्रती छापू नका. दोन-तीनशे प्रतींपुरतं काम असेल तर चांगली डिजिटल छपाई पुरेशी आहे. खास शाई मात्र बहुधा ऑफसेटलाच मिळते. छापण्यापूर्वी नोंदणी करणाऱ्यांकडून पैसे घेणार असाल, तर ते वेगळ्या खात्यात ठेवा.

छपाई सुरू होताना छापखान्यात हजर राहा. प्रत्येक फॉर्मचा पहिला चांगला कागद मंजूर प्रुफाशी ताडून पाहा आणि सही करून ठेवा. एका फॉर्मवर १६ पानं असतात. एका चित्राचा तांबडा वाढवला की त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या चित्राचाही वाढतो, हे लक्षात ठेवून बोला. अनकोटेड कागद असेल तर घडी घालण्याआधी शाई पुरती वाळू द्या. छापखाना घाई करेल, तुम्ही करू नका.

पुस्तक आल्यानंतर

पहिल्या प्रती चित्रकाराच्या घरी जातात, प्रकाशन समारंभाच्या आधी. त्यांच्यासोबत सगळ्या फाइलींची एक प्रत, नोंदवही आणि कराराची प्रत द्या. ध्वनिमुद्रणंही द्या; घरच्यांसाठी त्यांची किंमत पुस्तकाहून कमी नसते. ज्यांनी चित्रं पाहू दिली त्या प्रत्येक मालकाला एक प्रत पाठवा. हिशोब ठरलेल्या तारखेला, विक्री शून्य असली तरी लेखी कळवा. चित्रकाराला दरवेळी विचारावं लागलं तर विश्वास उडतो.

पुस्तक बाहेर पडलं की आणखी चित्रं पुढे येतात. कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाच्या दुकानात, परगावी गेलेल्या मुलीकडे. म्हणून नोंदवहीचे पुढचे क्रमांक मोकळे ठेवा, फोटोची मांडणी आणि रंगपट्टी जपून ठेवा, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक पत्ता छापा: या चित्रकाराचं काम तुमच्याकडे असेल तर कळवा. सापडलेलं प्रत्येक चित्र त्याच पद्धतीने टिपा, चित्रकाराला दाखवा, ओळख पटवून घ्या. त्याच वेळी पहिल्या आवृत्तीत आलेल्या चुका, चुकीचं साल, उलटं छापलेलं माप, यांची यादी करत राहा. दुसऱ्या आवृत्तीची फाइल उघडायची वेळ येईल तेव्हा सर्वांत आधी तीच लागते.